एकशेचाळीस नंबरचं तेल

मला गाडीतलं काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्याशी माझं पटत नाही. त्यामुळे आमच्या मारुतीच्या गिअरचं दुखणं निघालं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी काळुराम मेकॅनिकशी भांडून आलो.

गाडी वृंदाची, माझ्या बायकोची. ती रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि पेणहून रोज स्वतः गाडी चालवत जायची. शहाण्णव साल होतं. गावात गाडी चालवणाऱ्या बायका अगदी मोजक्या, आणि त्यातली एक आपल्या घरात असल्याची मला फार ऐट होती. मी कोर्टात कारकून. सुट्टीच्या दिवशी डावीकडे बसून तिला फुकटचे सल्ले द्यायचो. स्वतः गाडी शिकायचं मात्र कायम टाळलं. ती असताना मला काय गरज?

दिवाळीनंतर ती म्हणायला लागली की गिअर घट्ट पडतो, वाटेतल्या भिसे खिंडीत दुसरा टाकताना तर जीव निघतो. पावसाळा सरल्यावर काळुरामने गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं, ते मला आठवलं. मी तडक त्याच्या गॅरेजवर गेलो.

काळुरामकडे निम्म्या गाड्या म्हणजे जवळच्या जोहे गावचे, गणपतीच्या मूर्ती वाहणारे टेम्पो. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये तो मुद्दाम एकशेचाळीस नंबरचं दाट तेल घालायचा. दाट तेलात गिअर सावकाशच पडतो, ड्रायव्हरला घाई करताच येत नाही. मग गाडीला हिसका बसत नाही आणि मूर्तींचे हात शाबूत राहतात. त्याच पिंपातलं तेल त्याने आमच्या मारुतीलाही पाजलं होतं. आमच्या गाडीत काय गणपती बसतो का, असं मी त्याला विचारलं.

"बाई बसतात ना. त्यांना हिसका नाय बसायचा," तो म्हणाला.

माणूस वाईट नव्हता, तरी मी त्याला बरंच ऐकवलं. गाडीच्या पुस्तकात ऐंशी-नव्वद नंबरचं पातळ तेल सांगितलेलं. त्याने बोल्ट सोडला, तसं जुनं तेल काकवीसारखं तार धरून खाली आलं. ते बघून मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. दोष सापडला होता. नवं तेल भरून काळुरामने गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, आता दोन बोटांनी पडतो गिअर.

दुसऱ्या दिवशी वृंदा शाळेतून आली तेव्हा मी दारातच विचारलं. चपला काढत ती म्हणाली, थोडा फरक आहे. पुढे तोही राहिला नाही. नाताळच्या सुट्टीत ती माहेरी जाऊन आली, तरी तक्रार तीच. मी पुन्हा काळुरामच्या नावाने खडे फोडायला लागलो.

एका रविवारी अंगणात, इंजिन बंद ठेवून, तिने क्लच दाबला आणि मी डावीकडून गिअर टाकून पाहिला. पहिला, दुसरा, तिसरा. खरंच दोन बोटांनी पडत होता. मग तिने टाकला. तिला पार खांद्यापासून जोर लावावा लागला. तिच्या डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस आत गेलेलं मला तेव्हा दिसलं. तिथे चक्क खळगा पडला होता.

"तेलच भिकार असणार," मी म्हटलं. "बदलू."

"बदलू," ती म्हणाली.

मी काळुरामला गाडी न्यायला बोलावलं आणि त्याच्यामागोमाग गॅरेजवर गेलो. पुन्हा ते एकशेचाळीसचं घाल, म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"भाऊसाहेब, त्याच्याचसाठी तर शिव्या घातल्यात. थंडीत बाईंना जड जाईल."

"जड जाऊ दे. तेलामुळे जड जातंय असं वाटू दे तिला."

त्याने फडक्याला हात पुसले आणि पिंपाचं झाकण उघडलं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी वृंदा रोह्याहून आली ती गाडीतून उतरलीच नाही. तिने मला हाक मारून शेजारी बसवलं.

"तुम्ही परत दाट तेल घातलंत ना?"

मी काळुरामवर ढकलणार होतो, पण तिने बोलूच दिलं नाही.

"दाट तेल तापलं की पातळ होतं," वर्गात सांगावं तसं ती म्हणाली. "तेलाचाच दोष असता तर अर्ध्या वाटेत, नागोठण्यापर्यंत गिअर हलका झाला असता. माझा तिथून पुढे जड व्हायचा. मला तेव्हाच कळलं, थकतो तो माझा हात."

नाताळात ती माहेरी गेलीच नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांकडे गेली होती. स्नायू झिजण्याचा आजार, एका हातापासून सुरू होतो, मग दुसरा हात, पाय, शेवटी बोलणं, आणि औषध नाही. हे सगळं तिने समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. तुम्ही तेलाच्या मागे लागलात म्हणून मीही लागले, म्हणाली. तेवढेच दिवस बरे गेले. मला रडू आवरेना. कोर्टात आयुष्य गेलं, दुसऱ्यांची रडणी ऐकून मी कंटाळायचो, आणि आता मारुतीत बसून हुंदके देत होतो. ती माझ्यावर चिडली.

"उद्या ते तेल काढा. पुस्तकातलंच घाला."

"आता त्याने काय होणार?"

"मला नाही, तुम्हाला होणार. नवशिक्याला हलका गिअर हवा. दवाखान्यात मला कोण नेणार आहे?"

काळुरामने तेल बदलून दिलं, आणि जोह्याच्या रस्त्यावर, कापणी झालेल्या शेतांच्या कडेने, मी पहिल्यांदा उजवीकडे बसलो. गाडी दर वळणावर बंद पडायची. मी गाडीला शिव्या द्यायचो, वृंदा मला. तिचा उजवा हात अजून चांगला होता. तो माझ्या डाव्या हातावर ठेवून ती "दुसरा" म्हणायची आणि गिअर मागे ओढायची. तो दोन बोटांनी पडत होता, तरी तिने हात काढला नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत मला भिसे खिंड चढता यायला लागली. चढ आला की मी तिचा उजवा हात उचलून गिअरवर ठेवायचो आणि त्यावर माझा. "दुसरा" आता मीच म्हणायचो.