दोनशे दहा रुपयांचं बेट

आप्पांचा एक पाय धक्क्यावर होता आणि दुसरा फळीवर. फळीखालचं पाणी इतकं नितळ, की फळीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. बोट जराशी हलली. आप्पांनी डोळे मिटले, पाय मागं घेतला आणि धक्क्याच्या कडेला बसून भडाभडा ओकले.

"चाचा, जाना है कि नहीं?" बोटवाला ओरडला. "टिकट वापस नहीं होगा, बोल देता हूँ!"

तिकीट आप्पांच्या मुठीत होतं. दोनशे दहा रुपये एका माणसाचे. समोर दिसणाऱ्या छोट्या बेटावर न्यायचे, काचेच्या तळाच्या बोटीतून समुद्रातले मासे दाखवायचे आणि चार वाजता परत आणून सोडायचे. पोर्ट ब्लेअरमधला तो आमचा चौथा दिवस होता. उद्या परतीचं जहाज. जहाजावरच्या आणि मद्रासच्या जेवणाचे पैसे बाजूला काढले, तर आप्पांच्या बनियनच्या चोरखिशात एका तिकिटाचे पैसे निघत होते. ते तिकीट आप्पांचं, हे आम्ही दौंडातच ठरवलं होतं.

"मी जाते आप्पा," मी म्हणाले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझी केव्हाची इच्छा होती.

"एकटी पोरगी? न्हाई." आप्पांनी तोंड पुसलं आणि तिकीट आईच्या हातात कोंबलं. "तू जा."

"अवं, मी काय करू तिकडं जाऊन?"

"बघ! बघायचं आन् काय करायचं? ती दगडं बघ, जित्ती असत्यात म्हनं. निळा मासा बघ. काचंतनं खाली ध्यान दिऊन बघ. आन् समदं मला येऊन सांग. एक बी इसरू नगं."

आई फळीवरून अशी गेली, जणू ओढ्यावरच्या दगडावरून डोईवर भारा घेऊन चाललीय. कडेच्या जागेवर बसली. पदर डोक्यावर ओढून घेतला. बोट लहान होत गेली.

आप्पा रेल्वेत होते. दौंडला ड्रायव्हर आणि गार्ड लोकांच्या क्वार्टरवर सायकलवरून जायचं, गाडीच्या दोन तास आधी दार वाजवून त्यांना उठवायचं आणि वहीवर सही घ्यायची, हे त्यांचं काम. या कामाला कॉलबॉय म्हणतात. आप्पांच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ते कॉलबॉयच राहिले. त्या सह्यांमधून त्यांना हे बेट मिळालं होतं. शंकरराव म्हणून एक ड्रायव्हर पासावर अंदमानला जाऊन आले होते. सही करता करता ते एक वाक्य बोलायचे. "खंडू, पाण्याखाली झाडं असतात लेका." सही झाली, की आप्पा पुढच्या दाराला. आठवड्यानं पुन्हा त्यांचं दार आलं, की दुसरं वाक्य. "मासा असा निळा, की सिग्नलच्या दिव्यानं झक मारावी." असं सहा-सात वर्षं चाललं. आप्पा घरी येऊन ते वाक्य आम्हाला सांगायचे आणि मग दिवसभर गप्प राहायचे.

निवृत्तीला चार महिने राहिले, तेव्हा त्यांनी शेवटचा पास काढला. मद्रासपर्यंत गाडी फुकट. पुढं जहाजाचं सगळ्यात खालचं तिकीट. आईनं मोसमभर वरवंडला कांदा निवडला, त्याचे पैसे त्यात घातले. खायचं ती घरूनच घेऊन निघाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, एक लहान तवा, दोन कॅन दौंडचं पाणी. आणि तिकडं मिळालं न मिळालं म्हणून सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या. आम्ही ज्या तमिळ बाईंच्या घरामागं खोली घेतली, त्यांच्या अंगणात नारळ पडून कुजत होते. आईनं पिशवीतून खोबरं काढलं तेव्हा त्या बाई ओसरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग आईच्या हातची चटणी खाल्ली आणि दोन दिवसांचं खोलीचं भाडं घेतलंच नाही. म्हणून तर आम्हाला चौथा दिवस परवडला होता.

जहाजावरच्या तीन दिवसांत मात्र आप्पांच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं. ते आम्ही सगळे विसरलो होतो. जमिनीवर आल्यावर ते स्वतःही विसरले होते.

दुपारभर आप्पा आणि मी धक्क्याजवळच्या एका झाडाखाली बसलो. समुद्र इतका शांत होता, की त्याला समुद्र म्हणावंसं वाटेना. ते छोटं बेट उन्हात तरंगत होतं. खाली पांढरी रेघ, वर हिरवी. मी रुसून एका दशमीचे तुकडे करत होते. आप्पांनी खाल्लं नाही.

"आता काचंच्या बोटीत बसली आसंल," ते म्हणाले.

मी दशमीचा आणखी एक तुकडा मोडला.

"तिची नजर लई बारीक हाय. गव्हातला एक खडा सोडत न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा, "आता ती दगडाची झाडं आली आसतील. शंकरराव म्हनले होते, जांभळी बी हायती." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पोरी, तू नीट ऐक हां ती सांगंल ते. माझ्या ध्यानात राहत न्हाई."

ते बेटाकडं असे बघत बसले होते, की त्यांना खरंच तिथलं सगळं दिसतंय असं मला वाटलं. माझा राग थोडा उतरला. संध्याकाळी आई बोलेल, आप्पा ऐकतील, दौंडच्या त्या दारांमध्ये अर्धवट राहिलेलं सगळं पुरं होईल, असं वाटलं.

चार वाजता बोट आली. एक बंगाली कुटुंब उतरलं, हातांत शिंपले, पोरं एकदमच बोलत होती. मागून आई. तिच्या केसांत वाळू होती आणि एका गालावर पानाच्या शिरा उमटल्या होत्या. इतकं निवांत तोंड मी तिचं कधी बघितलं नव्हतं.

आप्पा उठूनच उभे राहिले. "दिसला का निळा मासा?"

"न्हाई."

"मग कंच्या रंगाचा दिसला?"

"कंचाच न्हाई."

"काचंतनं...?"

"काचंच्या बोटीत बसलेच न्हाई मी." आईनं पदरानं गाल पुसला. पानाच्या शिरा तशाच राहिल्या. "उतरले. ही मानसं म्हनली, नंबर लागंल, बसा सावलीला. बसले. वारं लई ग्वाड होतं. जरा आडवी झाले. त्यांनी भोंगा वाजीवला तवाच उठले."

आप्पांना कळायला वेळ लागला. मला तर कळलंच नाही. मी म्हणाले, "म्हणजे तू झोपलीस? सगळा वेळ?"

"व्हय."

"दोनशे दहा रुपये दिऊन झोपलीस?" आप्पांचा आवाज धक्क्यावर घुमला. तिकीटवाल्यानं मान वर केली. "झोपाया दोन हजार मैल आलीस? झोप दौंडात मिळत न्हवती?"

"न्हाई," आई म्हणाली. "न्हवती मिळत."

ती भांडत नव्हती. बाजारात कुणी विचारलं, मेथी आहे का, तर कसं सांगतात, तसं तिनं सांगितलं.

आमचं क्वार्टर कॉल ऑफिसच्या पाठीला पाठ लावून होतं. दोन कॉलच्या मध्ये आप्पा घरी येऊन पाठ टेकायचे आणि त्यांची झोप दगडासारखी. कॉल आला, की ऑफिसातला माणूस मागच्या भिंतीवर दोनदा ठोकायचा. ते ठोकणं आप्पांनी कधी ऐकलं नाही. ऐकायची ती आई. मग ती त्यांना उठवायची आणि ते गावाला उठवायला निघायचे. असं एकतीस वर्षं. पहाटे चारला नळाला पाणी. मला वाटायचं, आईला झोप लागतच नसावी. काही जणांना दुधी आवडत नाही, तसं.

आज शिरूरात माझी लेक सात महिन्यांची आहे. तिचे वडील रांजणगावला कंपनीत, आठवड्याला पाळी बदलते. एखादे दिवशी दुपारी ती अचानक गाढ झोपते आणि मी हातातलं भांडं हातातच धरून उभी राहते. तेव्हा मला आईचा तो गाल आठवतो. त्या दिवशी मात्र मी तिच्याशी बोलले नाही.

आम्ही खोलीकडं चालत निघालो. बसचे पैसे वाचवायचे होते. आप्पा पुढं, तरातरा. त्यांच्या मागं आई, मग मी. डाव्या हाताला समुद्र हळूहळू तांबडा होत होता. बराच रस्ता संपला. मग आप्पांची चाल मंदावली. आई बरोबरीला येईपर्यंत ते थांबल्यासारखेच झाले. तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं,

"मग... कशी लागली व्हती?"

आई विचार करत चार पावलं चालली.

"आधी पानांचा आवाज यायचा," ती म्हणाली. "मग पानं ऱ्हायली, आवाज गेला. पाठीखाली वाळू व्हती, ऊन-ऊन, शेकल्यावानी. मग ती बी गेली. भिंतच न्हवती वो कुठं. किती बी लांब जावा, भिंत न्हाई."

"हूं," आप्पा म्हणाले.

"पाय बी जड न्हाई लागले. एकदा वाटलं, कुनीतरी हाक मारतंय. तर कुनी न्हवतं. मग आनखी खाली गेले."

आप्पांनी पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली आणि तिच्या बाजूचा कान मोकळा केला.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "खाली गेलीस. मग?"