मधुमतीची रविवारची परीक्षा

१९८६ची गोष्ट. आम्ही तेव्हा लीड्सला होतो. हे, म्हणजे डॉक्टर शशिधर, हॉस्पिटलात. मी घरी पेटीवर गाणं शिकवत असे. आमच्या एकोणीस वर्षांच्या मधुमतीला यमन छान यायचा, पण वेड लागलं ते ब्लूग्रासचं. बँजो, फिडल आणि अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातली गाणी.

गावातल्या एका बँडला गायिका हवी होती. हे म्हणाले, "दहा वर्षं आईकडे शिकलीस ती गुराख्यांची गाणी म्हणायला?"

"अहो, तुम्ही लावण्या ऐकता त्या काय संतांच्या असतात?" मी म्हटलं.

शेवटी ठरलं. रविवारी पबमध्ये बँड तिचं गाणं ऐकून बघणार होता. त्यांनी घेतलं तर गायचं, नाहीतर सप्टेंबरपासून मुकाट्याने फार्मसी.

पबच्या वरच्या खोलीत पन्नासेक माणसं होती, त्यात मागे आम्ही दोघं. बँडमधल्या सगळ्यांना मिळून माइक एकच. ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, बाकीच्यांनी मागे सरकायचं. मधुमतीने दोन कडवी सुरेख म्हटली. मग बँजोची पाळी आली. वाजवणारा ब्रायन, निवृत्त बसड्रायव्हर, पुढे आला. पण तो वाजवायला लागला तरी ही माइकसमोरून हलेना. माझ्याच बैठकीतली सवय. गाणारी मधोमध, साथीदार बाजूला. वर मांडीवर ताल धरून माइकमध्येच म्हणाली, "वा, क्या बात है."

ब्रायनने कोपराने ढोसलं. "जरा सरक गं, पोरी."

लोक हसले. मधुमती लाल झाली. कसंबसं गाणं संपवलं आणि कोट उचलून जिन्याकडे निघाली.

"आता फार्मसी," हे पुटपुटले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

ब्रायनने तिला दारात गाठलं. "मघाशी काय म्हणालीस?"

"छान वाजवलंत, असं. सॉरी."

"तीस वर्षं वाजवतोय. वाजवताना असं कुणी म्हटलं नव्हतं. मंगळवारी सातला ये. सरकायचं कसं ते शिकवतो."

मधुमती त्या बँडबरोबर अकरा वर्षं गायली, तीन कॅसेट निघाल्या. त्यांच्याच फिडलवाल्याशी लग्न करून आता साउथहॅम्प्टनला असते. ब्रायन ९५ साली गेला. त्याच्या अंत्यविधीला तीच गायली. मी अजूनही दोन मुलींना शिकवते. हे निवृत्त झाल्यावर बँजो घेऊन बसले. तीन गाणी येतात, त्यातलं एक ओळखू येतं.