आकारामचा गोडवा

सात दिवस झाले, ऊन कललं की राहीबाई नाथाजीच्या कट्ट्यावर येऊन बसायच्या आणि रोज एकाच शब्दाचा अर्थ विचारायच्या. नाथाजी वैतागून गेला होता.

नाथाजीनं पलटणीत वीस वर्षं कारकुनी केली होती. गावात इंग्रजी कागद आला की त्याच्याच दारात येई. पलटणीतली रीत त्यानं गावातही सोडली नव्हती. कागद कितीही लांबलचक असो, साहेबापुढं त्याचा मतलब दोन ओळींत ठेवायचा. बाकीचं फायलीला बांधायचं.

राहीबाईंचं पाकीट आलं ते संक्रांत झाल्यावर. निळं, विलायतेचं, कोपऱ्यात राणीच्या मुखड्याचं तिकीट. नाव मात्र आकारामचं. आकाराम म्हणजे राहीबाईंचा नवरा, दुष्काळाच्या साली बहात्तरला गेलेला. पाकिटानं चार वर्षं उशीर केला होता.

चार पानांवरून नाथाजीनं नजर फिरवली आणि मतलब सांगितला. महायुद्धात आकाराम जखमी होऊन इटलीतल्या लष्करी इस्पितळात पडला होता, तिथं मार्जरी नावाची नर्स होती, तिचं हे पत्र. बाई आता म्हातारी झालीय, जुन्या वहीत पत्ता सापडला म्हणून खुशाली विचारते. आणि लिहिते, आकारामचा स्वीटनेस मी आजतागायत विसरले नाही. उत्तर धाडायचं, संपलं.

"त्यो शबुद काय म्हनलासा?"

"स्वीटनेस. म्हंजे गोडवा, वैनी."

राहीबाईंनी पदर सावरला. मग विचारलं, "कुनाचा?"

आता आकाराम कसा होता हे गावाला ठाऊक. बाभळीचं खोड परवडलं. बोलणं म्हणजे चुलीत घातलेलं ओलं लाकूड, धूर फार आणि धग नाही. लढाईवरून आला तो असाच आला, आणि पुढं सव्वीस वर्षं तसाच राहिला. संक्रांतीला बायकोनं तिळगूळ पुढं केला तर, ठेव तिथं, एवढंच म्हणायचा. त्या माणसाला कुणी समुद्रापलीकडून गोड म्हणावं?

राहीबाईंना वाटलं, पत्र दुसऱ्याच कुणा आकारामचं असेल. पण पलटणीचा नंबर जुळला, डाव्या मांडीची जखम जुळली. मग त्यांनी हट्टच धरला. ह्या शब्दाचा नीट उलगडा झाल्याबिगर उत्तरावर अंगठा उठवणार नाही म्हणाल्या. त्यांना काय डाचत होतं ते नाथाजीला दिसत होतं. गोडवा होता, तर तो त्या बाईला दिला आणि मला का नाही?

नाथाजीनं हायस्कूलच्या सुकुमार मास्तरांकडून जाडजूड डिक्शनरी आणली. वाटलं, एका दुपारचं काम. पण इंग्रजांनी त्या एका शब्दात सगळा बाजार भरवून ठेवलेला. साखरेची चव म्हणजे स्वीटनेस. राहीबाई म्हणाल्या, मानसाला कुनी चाटून बघतंय व्हय? दुसऱ्या दिवशी त्यानं सुवास सांगितला. तर आकारामच्या अंगाला जन्मभर तंबाखूचा वास. तिसऱ्या दिवशी गळ्याचा गोडवा. तर हाक मारली की बैल बिचकायचे. चौथ्या दिवशी त्यानं खारं नसलेलं, पिण्याजोगं पाणी सांगितलं. त्यावर राहीबाई उठूनच गेल्या. पाचव्या दिवशी त्यांची सून पाणवठ्यावर सांगत होती, सासूबाई पहाटे जात्यावर नवीच ओवी म्हणत होत्या:

साता समुद्रापार गोड झाला माझा धनी,
घरच्या घागरीला सदा मचूळच पानी.

सहाव्या दिवशी नाथाजीनं शेवटला अर्थ काढला. मायाळू स्वभाव. दुसऱ्याचं मन राखणं. राहीबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं डिक्शनरी मिटली.

आणि सातव्या दिवशी त्याचा तोल गेला.

"वैनी, इंग्रज गेला, तुमचा मानूस गेला, एक शबुद काय ऱ्हायला नि माझ्या मानगुटीवर बसला. मी लिवतो, पत्र पावलं, आभारी आहे. लावा अंगठा."

"न्हाई लावायची," राहीबाई म्हणाल्या. "भावजी, तुमी मला मतलबच सांगितला. पत्र कुटं वाचलंसा? चार पानं लिवलीत तिनं. चार पानांत एकच शबुद हाय व्हय? पोथी वाचत्यात तसं वाचा. एक अक्षर सोडू नगा."

नाथाजीनं चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पहिल्या पानावर थंडी, चिखल आणि इस्पितळाचे तंबू. दुसऱ्यावर आकारामची मांडी, ताप, न बोलणं. तिसरं पान त्यानं मागं नुसतं उलटलं होतं, कारण त्यात कामाचं काही नव्हतं.

तिसऱ्या पानावर मार्जरीनं लिहिलं होतं, की हिंदी शिपायांना शिध्यात गूळ मिळायचा. आकाराम आपल्या वाट्याचा गूळ खायचा नाही, रुमालात बांधून उशाला ठेवायचा. माझी कामाची पाळी संपली, मी दमून तंबूच्या दाराशी टेकले, की तो खाटेवरून खुणेनं बोलवायचा. हातावर गुळाचा खडा ठेवायचा, मग पाण्याचा पेला. मी एकदा पेला आधी उचलला, तर त्यानं हात धरून खाली ठेवायला लावला. आधी खडा, मग पाणी. दमून आलेल्यानं नुसतं पाणी प्यायचं नाही, ते काळजाला लागतं, असं त्यानं मला दुसऱ्या शिपायाकडून सांगवलं. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तर तोंड फिरवून झोपला.

नाथाजी थांबला. राहीबाई कट्ट्याच्या दगडावर नखानं रेघा ओढत होत्या.

"लगीन झालं तवा त्यो रानातनं आला की सरळ घागरीलाच तोंड लावायचा," त्या म्हणाल्या. "मी नवी नवरी, बोलायचं कसं? तरी येक दिस हात धरला. म्हनलं, आधी खडा, मग पानी. नुसतं पानी काळजाला लागतं. माझ्या आईचं बोलनं ते." मग म्हणाल्या, "रोज दिला, भावजी. लढाईला गेला तवर, नि आल्यावर मरंस्तवर. कवा बरं न्हाई म्हनला, वाईट न्हाई म्हनला. मला वाटायचं, दगडावर पानी घालतीया."

नाथाजी आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. राहीबाईंनी तांब्याकडं बघितलं, हात लावला नाही. नाथाजीनं कपाळावर हात मारला, परत आत गेला आणि फडताळातला गुळाचा खडा शोधून आणला. मग त्या पाणी प्यायल्या.

"लिवा आता," त्या म्हणाल्या. "त्यो गेला म्हनून लिवा. आनि त्याला ते राहीबाईनं शिकीवलं, तेबी लिवा. माझं नाव ठळक काढा."

नाथाजीनं लिहिलं. शाईचं डबडं उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. सुटलो एकदाचा, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. राहीबाईंनी अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकायच्या आधी तसाच वर धरून ठेवला.

"येक ऱ्हायलं. तिला इचारा, खडा देताना त्यो हसायचा का?"

"वैनी, म्हंजे परत पत्र येनार. परत मी वाचायचं."

"येऊ द्या की," राहीबाई म्हणाल्या. "समदं वाचा म्हंजे झालं."