शेहेचाळीस इंचांवरचं घर

पिवळा रंग नको. कावीळ झाल्यासारखा दिसतो.

निघताना 'जाते' म्हणायचं नसतं.

चौदा सेकंद.

भाकरी तीन जणांच्या. भाजी वाटीभर जास्त.

स्वयंपाकघर सकाळपासून गुरगुरतंय.

४६ इंच

आमच्या घराचं छप्पर दर वर्षी दोन इंच खाली येतं. सदतीस वर्षांत ते एकशे वीस इंचांवरून शेहेचाळीसवर आलं. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी, दुपारी तीन वाजता, तेरदाळे नावाचे गृहस्थ कंपनीकडून आले. ते दारातून रांगत आत शिरले. अंगात कोट होता. टाय फरशीवरून लोळत त्यांच्या आधी आत आला.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

"खालीच बसा," रत्नाक्का म्हणाली. "खुर्चीचे दिवस गेले."

रत्नाक्का माझी थोरली बहीण. ती बावन्न वर्षांची आहे, मी अठ्ठेचाळीसचा. सांगलीतल्या या घरात आता आम्ही दोघंच राहतो.

तेरदाळेंनी मांडी घातली आणि दोन गुळगुळीत पुस्तिका आमच्यापुढं ठेवल्या.

"नियम तुम्हाला माहीत असेलच, सर. छप्पर शेहेचाळीस इंचांवर आलं की त्याला घर म्हणता येत नाही. त्याची गाडी होते. आमची इटालियन गाडी बरोबर शेहेचाळीस इंच उंच आहे. कूपे हवी की कन्व्हर्टिबल, एवढंच तुम्ही सांगायचं."

"कुपे म्हणजे आगगाडीतला?" आक्कानं विचारलं. "आप्पा एकदा बसले होते. सोलापूरपर्यंत कुणाशी बोलायला मिळालं नाही म्हणून परत कधी बसले नाहीत."

"तो वेगळा, मॅडम. ही बंद गाडी. छप्पर पक्कं. दुसरी उघडी. बटण दाबलं की छप्पर दुमडून मागं जातं, चौदा सेकंदांत. ताशी पन्नासच्या आत असलात तर चालत्या गाडीतही उघडतं."

"आमचं घर ताशी कितीनं चालतंय?"

तेरदाळेंनी खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकी सकाळपासून तिरपी झाली होती.

"सध्या उभं आहे, मॅडम."

"आणि आम्ही काहीच सांगितलं नाही तर?" मी विचारलं.

"तर ते खाली येत राहील, सर. मात्र मग वर्षाला दोन इंच नाही. आज दिवस मावळायच्या आत सांगा. मी कागद घेऊन बाहेर ओट्यावर बसतो. इथं माझी मान अवघडते."

जाताना ते म्हणाले, "येतो." आक्का म्हणाली, "या."

१०४ इंच

आप्पा, आमचे वडील, बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांच्या लक्षात आलं की स्लॅब दोन इंचांनी खाली आलाय. त्यांनी पोलादी टेप काढली, उंची घेतली आणि म्हणाले, "एकशे अठरा. लिही." आक्कानं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलं. मग दर पाडव्याला हेच. फराळाआधी टेप, आप्पांचा आकडा, "लिही." त्याच चौकटीवर माझ्या उंचीच्या रेघा वर चढत होत्या आणि छपराच्या खाली उतरत होत्या. ते पाडवे मला फार आवडायचे. करंजीच्या तळणीचा वास यायचा आणि आपल्या घरी दर वर्षी काहीतरी नक्की घडणार आहे याची खात्री असायची.

एकशे चार इंचांवर असताना मी स्टुलावर चढून दिवा बदलत होतो. कान छताजवळ गेला आणि मला आप्पांचा आवाज ऐकू आला. ते चहात साखर कमी आहे असं सांगत होते. आप्पा तेव्हा कचेरीत होते.

अशा रीतीनं कळलं की घरात बोललेलं सगळं वर जाऊन छताला चिकटतं. कढीची वाफ चिकटते तसं. आधीचं बोलणं वर स्लॅबला लागून, नंतरचं त्याच्याखाली. खालचे थर पातळ होते आणि ऐकू यायचे. वरचे दबून घट्ट झाले होते. त्यांची नुसती गुणगुण यायची.

आक्का स्टूल ओढून माझ्याशेजारी चढली. आम्ही दोघं बराच वेळ माना वर करून उभे होतो.

"आई पार वर असणार," ती म्हणाली.

४६ इंच

आई एका दुपारी घराबाहेर पडली आणि परत आली नाही. निघताना दारात ती एक शब्द बोलली. आक्का तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होती. तिला तो शब्द अर्धाच ऐकू आला, शेवटचा 'ते'. आक्का म्हणते, आई 'येते' म्हणाली. बाई माणूस घरातून निघताना दुसरं काय म्हणणार? त्या एका शब्दावर आक्कानं लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, कुलूप बदललं नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो, आमच्यात तशीच पद्धत आहे, आणि आक्का रोज तीन ताटं वाढते.

मी म्हणतो, आई 'जाते' म्हणाली. मी सदतीस वर्षं हेच म्हणत आलोय.

"उघडी घेऊया, पण पिवळी नको," आक्का पुस्तिका चाळत म्हणाली. "छप्पर दुमडलं की थर फाटतील. चौदा सेकंदांत सगळं ऐकू येईल. पार वरचंसुद्धा."

"आणि मग सगळं उडून जाईल. आप्पाही जातील. आई तुला हाक मारायची ती पण."

"जाऊ दे की."

"बंद घेतली तर सगळं राहील. छताला आतून मऊ कातडं लावतात, त्याच्यामागं. इथं लिहिलंय."

"राहील, पण ऐकू येणार नाही. लोणच्याची बरणी उघडायचीच नाही म्हटल्यावर लोणचं घालायचं कशाला रे?"

बोलता बोलता पुढच्या खोलीच्या भिंती जवळ आल्या. ती पूर्वी मोठी खोली होती. आता तिच्यात दोनच माणसं मावत होती. आक्काच्या खालची सतरंजी ताणली जाऊन तिची चामड्याची सीट झाली, मग माझ्या खालची. स्वयंपाकघर आमच्या पाठीमागं होतंच. त्याची गुरगुर आता मणक्यात येत होती.

आक्कानं इकडंतिकडं बघितलं.

"दोनच सीटा?"

"दोन्ही मॉडेलना दोनच असतात," मी म्हणालो.

"मग आई आली की बसणार कुठं?"

मी पुस्तिकेचं पान उलटलं.

६६ इंच

सत्तर इंचांवर आप्पा गेले. ते एकोणसत्तर इंच उंच होते. त्यांना स्वतःच्या घरात एकदाही वाकावं लागलं नाही. पुढचे पाडवे मी टेप धरली आणि आक्कानं लिहिलं. सहासष्ट इंचांवर छपराची रेघ माझ्या शेवटच्या रेघेला येऊन टेकली. त्या वर्षी मी वाकायला शिकलो. आक्का बुटकी, तिला आणखी काही वर्षं मिळाली. ती मला चिडवायची, "मोठ्या माणसांनी नम्रच असावं."

एक गोष्ट मी आक्काला सांगितलेली नाही.

त्या दुपारी मी पुढच्या खोलीत होतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोटारीचं चित्र काढत होतो. चाकं जमली होती. वरचा भाग जमत नव्हता. आई दारात आली, पायात चप्पल घातली आणि तो शब्द बोलली. मी वर बघितलं नाही. निघणारं माणूस 'येते' म्हणालं की घरातल्यानं 'ये' म्हणायचं असतं. हे आमच्याकडं बोलायला यायच्या आधी शिकवतात.

मी म्हणालो, "जा."

ती थोडी थांबली असावी. मग गेली.

ती 'जाते' म्हणाली असेल तर मी फक्त तिचाच शब्द तिला परत दिला. ती 'येते' म्हणाली असेल तर परत यायला निघालेल्या बाईला मी जायला सांगितलं. माझा 'जा' तिच्या शब्दाच्या लगेच खाली चिकटलेला आहे. मधे काहीच नाही, कारण त्यानंतर संध्याकाळपर्यंत या घरात कुणी बोललं नाही.

४५ इंच

साडेपाच वाजता छप्पर माझ्या केसांना लागलं. मी सीटमध्ये आणखी खाली सरकलो. समोरची भिंत पातळ होत होत काच झाली. काचेपलीकडं ओट्यावर तेरदाळे पाय सोडून बसले होते.

"सर," त्यांनी विचारलं, "कूपे लिहू?"

"लिहा," मी म्हणालो.

आक्कानं मागं हात घालून डबा ओढला. स्वयंपाकघराची जागा इंजिननं घेतली असली तरी डबा गरम होता. तिनं मांडीवर ताट घेतलं, भाकरी मोडली, वर वांग्याची भाजी वाढली आणि ते मला दिलं. मग स्वतःचं वाढलं. मग तिसरं. तिसरं ठेवायला कुठं जागा नव्हती. तिनं ते काचेखालच्या उतरत्या फळीवर ठेवलं. ते घसरून खाली आलं. तिनं परत ठेवलं. ते परत घसरलं. तिसऱ्यांदा तिनं ते ठेवलं आणि एका हातानं धरून बसली.

"जेव की तू," मी म्हणालो.

"जेवते. एक हात आहे की."

ती तशीच जेवू लागली. डाव्या हातानं ताट धरून, उजव्या हातानं घास घेऊन, मान छपराखाली तिरपी करून. मधेच म्हणाली, "मीठ कमी पडलंय का रे? आईला अळणी चालत नाही."

मी वर बघितलं. छप्पर डोळ्यांपासून वीतभर होतं. त्याच्यात आईची गुणगुण होती, शब्द नसलेली. बंद गाडीत ती कायम राहिली असती. मी रोज कामावरून येऊन दार लावून तिच्यात बसलो असतो.

"तेरदाळे," मी म्हणालो. "खोडा ते."

"काय, सर?"

"उघडी लिहा."

आक्कानं घास थांबवला.

"सर, एक सांगायचं राहिलं," तेरदाळे म्हणाले. "छप्पर काढलं की तळ जास्त मजबूत करावा लागतो. गाडी सत्तर किलोनं जड होते. काही लोकांना ते जाणवतं."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. आमच्या दोघांच्या मधे, पूर्वी जिथं पाण्याचा तांब्या असायचा तिथं, एक बटण आलं.

"मी दाबू की तू?" आक्कानं विचारलं.

"आक्का, माझ्या—"

"काय?"

"काही नाही. मी दाबतो."

छप्पर पुढच्या कडेला सुटलं. उन्हाची एक पट्टी आत आली आणि आवाज सुरू झाले. आधी आजचे. बटणावरून मी आणि आक्का. जड गाडीबद्दल तेरदाळे. खुर्चीचे दिवस. मग गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीच्या वर्षीचे. आक्काचा खोकला. माझी भांडणं. छप्पर मागं सरकत होतं आणि थर फाटत होते. मग एकदम आप्पा आले, धडधाकट, हातात टेप असल्यासारखे. "सत्तर. लिही." "बहात्तर. लिही." आक्का हसायला लागली. "ऐकलास का? आप्पा!" "नव्वद. लिही." "एकशे चार. लिही." आकडे वाढत होते, आवाज तरुण होत होता, आणि आकाश रुंद होत होतं. आक्काची मान हळूहळू सरळ झाली. पांढरे केस वर उडाले. तिसरं ताट तिनं धरूनच ठेवलं होतं. "एकशे सोळा. लिही." "एकशे अठरा. लिही."

मग त्या पहिल्या वर्षाचं बोलणं. डॉक्टर, पोलीस, शेजारच्या बायका. मग कुणीच नाही.

मग अकरा वर्षांच्या मुलाचा आवाज, अगदी स्पष्ट, मान खाली घालून बोललेला.

"जा."

आक्कानं माझ्याकडं बघितलं.

छपराची बोटभर कड अजून दुमडायची राहिली होती. आईचा शब्द तिच्यातच होता.

१२० इंच

आईला गाडी लागायची. कुठंही जायचं असलं तरी ती पायीच जायची.