पक्क्या घरातली कच्ची माणसं

चोपड्याच्या रस्त्याकडेला नळयोजनेचे सिमेंटचे मोठाले पाइप येऊन पडले होते. त्यातल्या एकात ललिता, तिचा नवरा सुपडू आणि दोन मुली राहत. नरडाण्याकडून ती चौघं केळी कापायच्या मजुरीला आलेली. पाइपात हवा छान खेळायची. फक्त ताठ उभं राहता येत नसे, आणि थोरली शिंकली की आवाज घुमून धाकटी रडत उठायची.

सकाळी सरकारी घरकुलाच्या पाहणीला पंचायतीच्या चारुलता मॅडम आल्या. त्यांनी पाइपावर मोबाइल रोखला आणि कपाळाला हात लावला.

"छप्पर सिमेंटचं, भिंत सिमेंटची. ॲप म्हणतंय, घर पक्कं आहे. पक्कं घर असलं की घरकुल मिळत नाही."

"मॅडम, पन ते गोल शे!" ललिता म्हणाली.

"गोल असा पर्यायच नाही त्यात."

"मंग घरच नही, असं टाका."

"घराचा फोटो टाकल्याशिवाय ॲप पुढे जात नाही. बेघरांनाही घर दाखवावंच लागतं. कच्चं. आज शेवटचा दिवस आहे, मी दुपारी येते."

बेघर ठरायला घर हवं होतं. ललिताने ते बांधायला घेतलं. शेजारच्या बागेत घड उतरवून झाले होते. मालकाला विचारून दोघांनी चार खोडं ओढत आणली, चार कोपऱ्यांना रोवली, वर पानं पसरली. ललिता आत जाऊन ताठ उभी राहिली. डोकं कशालाच लागलं नाही, म्हणून उगाच पुन्हा एकदा उभी राहिली.

पण केळीचे खांब दिसले की खानदेशात माणूस फार विचार करत नाही. समोर रिक्षा थांबली. गावातल्या सुगंधाबाई चार बायका घेऊन उतरल्या आणि थेट मांडवात बसल्या.

"लगीन कोनं शे व माय?"

"कोनंच नही, अक्का. हाई आमनं घर शे."

"मंग घरभरणी! जेवाले बट्ट्या कव्हय?"

पाठोपाठ गावातले तोताराम नाना आले. त्यांनी सुपडूच्या कपाळाला टिळा लावून टाकला. बघता बघता मांडव भरला, आणि मॅडमही आल्या.

"फोटोत बाहेरची माणसं चालणार नाहीत."

"जेवल्याबिगर आम्ही हालणार नही," सुगंधाबाई मांडी घट्ट करत म्हणाल्या.

ललिताच्या पातेल्यात सकाळचा भात होता, तोही मुलींपुरता. तिने एकदा मॅडमच्या मोबाइलकडे पाहिलं आणि ओरडली, "बठ्ठा चला! पंगत पाइपमा शे!"

पाहुणे उठून धावले. मागे राहिलेल्या घरापुढे चौघं उभी राहिली. मॅडमनी बटण दाबलं.

"घेतलं ॲपने! छप्पर पानांचं. घर कच्चं!"

ललिताने मॅडमना मिठीच मारली.

तेवढ्यात पाइपातून धडपड ऐकू आली. सुगंधाबाई तोंडाशीच अडकल्या होत्या. आत मुलींची गोधडी, चूल आणि तोताराम नाना.

"अय माय! आठे लेकरं निजतस?"

"हो अक्का. ॲप म्हणे, पक्कं शे."

"पक्कं?" सुगंधाबाई आतून गरजल्या. "आधी माले ओढा, मंग त्या ॲपले आठे एक रात निजाडा!"