पांघरूण

लाकडाच्या सालींचा चुरा घेऊन ट्रक आला तेव्हा तो घर चुकला असं मला वाटलं. चालकालाही तसंच वाटत होतं. त्याने आमची बाग पाहिली, मागचा शिगोशीग भरलेला हौदा पाहिला आणि सगळं इथंच ओतायचं का, असं विचारलं. मी नाही म्हणायच्या आत आमचे हे अनवाणीच बाहेर आले आणि अगदी साहेबी थाटात म्हणाले की हो, इथंच, बरोब्बर आहे. हौदा तिरका झाला. बघता बघता आमचं फाटक, सायकल आणि बाहेरच्या बाकाचा अर्धा भाग दिसेनासा झाला.

उन्हाळा तोंडावर आला की हे दरवर्षी झाडांच्या बुंध्याशी सालींचा थर देतात, म्हणजे माती तापत नाही आणि ओल टिकते. जाणकार लोक त्याला आच्छादन म्हणतात. आमच्या घरात त्याला पांघरूण म्हणतात. ‘झाडांना पांघरूण घालायची वेळ झाली,’ असं एके सकाळी जाहीर व्हायचं, हातगाडीवरून पोती यायची आणि हे दोन दिवसांत काम उरकून पाठ धरून बसायचे. पाठ चोळायचं काम अर्थात माझं.

यंदा पोत्यांऐवजी डोंगर आला होता. तोही कोणाच्या हातून? हे मोजणी खात्यात होते. सगळं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं. भाऊ भावाच्या उरावर बसला तरी यांची साखळी इंचभर हलली नाही. घरी पडदे शिवायचे तरी खिडकी तीनदा मोजायची, असा माणूस. त्यांचा हिशोब एवढा चुकतो म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

कारण रविवारी लेक येणार होती. मागच्या महिन्यात हे न सांगता आपल्या जुन्या कचेरीत जाऊन बाकावर बसले होते. शेवटी तिथल्या पहारेकऱ्याने फोन केला आणि तो नेमका लेकीला लागला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद. आणखी एक असं काही झालं की ती आम्हाला दोघांना आपल्या शहरात नेणार होती, चौथ्या मजल्यावरच्या घरात. तिथं डॉक्टर जवळ आहेत, सगळं जवळ आहे. फक्त माती जवळ नाही. ज्या माणसाला सकाळी उठल्या उठल्या पायाला माती लागते, त्याला चौथ्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे मासा काढून फडताळात ठेवण्यासारखं. मी भांडले. तर फोनवर ती शांतपणे म्हणाली, "आई, तू बाबांवर पांघरूण घालतेस." मी फोन ठेवून दिला. खरं बोललं की मला राग येतो, हे माझ्या माहेरी सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा ढीग रविवारच्या आत नाहीसा व्हायला हवा होता. ढीग नाही तर चूक नाही, आणि चूक नाही तर चौथा मजला नाही. ट्रकवाल्याने ओतलेला माल परत घ्यायला साफ नकार दिला. मग मी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या बाईंना गाठलं आणि त्यांनी दोन माणसं पाठवली, एक लांब्या आणि एक त्याचा मेहुणा. लांब्या नावाप्रमाणे लांब होता आणि घुमा होता. मेहुण्याची कंबर फावडं हातात घेण्याआधीच दुखायला लागली. बायकोचा भाऊ पडला, त्यामुळे लांब्याला काही बोलायचीही सोय नव्हती. तो मुकाट्याने दोघांचं काम करत होता.

चुरा कुठं घालायचा, असं त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं की सगळीकडे, जाड घाला, हात राखू नका. एवढं जाड घालायचं नसतं हे मलाही ठाऊक होतं. पण झाडं आता थोडी गुदमरली तर नंतर मोकळी करता येतील, असा मी विचार केला. माणसाचं तसं नसतं.

हे मात्र खुशीत होते. हात मागे बांधून त्या दोघांच्या मागे मागे फिरत होते. खोडाला चुरा चिकटवायचा नाही, झाडाचा गळा मोकळा ठेवायचा, नाहीतर साल कुजते, हे मेहुण्याला इतक्यांदा समजावलं की त्याची कंबर आणखी दुखू लागली. कित्येक दिवसांनी मी त्यांना असं भरात आलेलं पाहत होते. मला वाटलं, बघा, काय झालंय या माणसाला? काही नाही झालेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भरलेली ढकलगाडी घेऊन लांब्याला मागच्या भिंतीकडे नेलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. भिंतीपाशी ते थांबले. मग भिंतीवरून तळहात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेले आणि परत आले.

"इथलं फाटक कुठं गेलं?" त्यांनी मला विचारलं. "पलीकडची डाळिंबं राहिलीत ना अजून."

पलीकडे डाळिंबं नाहीत. पलीकडे दातांच्या डॉक्टरांचं घर आहे आणि त्यांची गाडी उभी करायची फरशी. लेकीच्या शिक्षणासाठी बागेचा तो मोठा भाग आम्ही विकला, त्याला कितीतरी वर्षं झाली. यांनीच स्वतः साखळी धरून मोजून दिला होता. फाटक काढून तिथं भिंत घातली त्या दिवशी ते जेवले नव्हते, पण नंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही.

कपडे हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले. आता ढीग माझ्या ध्यानात आला. हिशोब चुकलाच नव्हता. दोन्ही बाजूंची बाग धरली तर ट्रक अगदी बरोब्बर होता, एक घमेलं जास्त नाही की कमी नाही. सालीचा हिशोब बरोबर होता, साल चुकलं होतं. एरवी ही कोटी मी त्यांना लगेच ऐकवली असती आणि त्यांनी कपाळाला हात लावला असता.

साहेबांना थट्टा करायची सवय आहे, असं मी लांब्याला सांगितलं आणि हसूनही दाखवलं. तो हसला नाही. त्याने गाडी वळवली आणि चुरा लिंबाखाली नेऊन ओतला, जिथं आधीच गुडघाभर थर होता. हे भिंतीपाशी थोडा वेळ थांबले. मग मी त्यांना जेवायला हाक मारली आणि ते आले.

शनिवारी मेहुणा उगवलाच नाही. ढीग अजून कमरेइतका होता आणि रविवार उद्यावर आला होता. मी यांचा जुना सदरा अंगात चढवला, धूळ जाऊ नये म्हणून डोक्याला नि तोंडाला पंचा गुंडाळला आणि घमेलं उचललं. या वयात ही हौस. लांब्या भरून द्यायचा आणि मी नेऊन ओतायची. दुपार कलायला आली तेव्हा माझे खांदे भरून आले होते, पण फाटक पूर्ण मोकळं झालं होतं. माझ्या हट्टापुढे डोंगर हरला म्हणून मला बरं वाटत होतं.

हे झोपून उठले आणि बाहेर आले. थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग जवळ येऊन माझ्या हातातलं घमेलं धरलं.

"बाई, तुम्ही बसा जरा," ते म्हणाले. "किती राबताय उन्हात."

मी म्हटलं, "नको, राहू द्या. होतच आलंय."

"असं कसं? घोटभर चहा घ्या. आमच्या हिला सांगतो मी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला काही बोलली असेल तर मनावर घेऊ नका. ती जरा फटकळ आहे. पण तिच्यासारखं माणूस मिळायचं नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं कौतुक त्यांनी माझ्या तोंडावर कधी केलं नव्हतं. आता केलं होतं, पण ते तोंडावर म्हणायचं तरी कसं?

ते घरात गेले. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. आधी स्वयंपाकघरातून, मग मागच्या खोलीतून. "अगं, ऐकतेस का? कुठं आहेस?" मी बागेत उभी राहून ऐकत होते, माझा नवरा मला घरभर शोधतोय ते. लांब्या माझ्याकडे पाठ करून उगाचच मोकळी जमीन झाडत राहिला.

तोंड बांधलेलं होतं, अंगात सदरा त्यांचाच होता, ऊन डोळ्यांवर होतं. कोणीही फसलं असतं. असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मी बोलले होते ना? ‘नको, राहू द्या’ म्हटलं होतं, रोज त्यांना जेवायला बोलावते त्याच आवाजात. मी मागच्या दाराने आत गेले, तोंड धुतलं, पंचा नि सदरा धुण्यात टाकला. त्यांनी मला पाहिलं आणि वैतागून म्हणाले की कुठं होतीस, बाहेर त्या बाई कधीच्या राबताहेत, त्यांना चहा दे. मी चहा केला. कप घेऊन बाहेर आले आणि कोणाला द्यावा ते मला कळेना. पायरीवर बसून मीच प्यायले. लांब्याला विचारायचं राहून गेलं. पिता पिता रडत होते, तसाच प्यायले.

रविवारी लेक आली. बाग अशी दिसत होती की कोणाचाही जीव हरखावा. एकसारखा तपकिरी थर, फाटकापासून भिंतीपर्यंत, मध्ये सगळे बुंधे गळे मोकळे ठेवून उभे. आणि हे? आदल्या दिवशीचा माणूस तो हा नव्हेच. लेकीला नावाने हाक मारली, जावयाच्या ढेरीची चौकशी केली, सकाळची गोळी घेतल्याचं स्वतःहून सांगितलं. तिला झाडाझाडापाशी नेऊन पांघरूण कसं घालायचं ते शिकवलं. ती मधूनमधून माझ्याकडे पाहत होती आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा सैल होत होता.

जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि मागून माझ्या गळ्यात हात टाकले. ती उगाच घाबरली, असं म्हणाली. बाबा तर एकदम छान आहेत. तिथं नेऊन त्यांना कोंडून ठेवण्यात अर्थ नाही, आम्ही इथंच राहावं. मी इतके दिवस हेच एक वाक्य मागत होते. ते मला बसल्या जागी मिळालं होतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

मी तिला हाताला धरून मागे लिंबाखाली नेलं आणि चुऱ्यात हात घाल म्हटलं. तिने घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. मग मी सगळं सांगितलं, ट्रक सांगितला, भिंत सांगितली. बाईंचा चहाही सांगितला. तिने चुऱ्यातून हात काढलाच नाही, तशीच उकिडवी बसून ऐकत राहिली.

"पण आज तर ओळखतात ना ते तुला?" शेवटी तिने विचारलं.

"आज ओळखतात."

"मग थोडे दिवस बघू या, आई. एवढी घाई कशाला?"

"घाई आहे," मी म्हटलं. "आम्हाला उद्याच ने. अजून मी चला म्हटलं तर ते उठून येतील. उशीर केलास, तर परक्या बाईबरोबर घर सोडून कसे येतील ते?"