दहा वाजताची थंडी

पोर्ट कॅरिकच्या तांबे-कारखान्याला जुळे झाले, ही वार्ता आम्हाला ॲडलेडच्या मुख्य कचेरीतून कळली. थोरला कारखाना शंभरी ओलांडलेला, खाऱ्या वाऱ्याने गंजलेला, धूर ओकणारा. धाकटा निष्कलंक, निर्धूर आणि पडद्यावर राहणारा. भट्टीच्या अंगावर जागोजागी सेन्सर डकवायचे, त्यांनी पाठवलेल्या आकड्यांतून संगणकात दुसरी भट्टी उभी करायची आणि मग त्या दुसरीने पहिलीला कसे जळावे हे शिकवायचे, अशी योजना होती. सावलीकडून चालायचे धडे घेण्यासारखाच हा प्रकार. परंतु मध्ययुगीन धर्मपंडित देवदूतांच्या देहरचनेविषयी ज्या खात्रीने लिहीत, त्याच खात्रीने परिवर्तन विभागाचे प्रमुख डॉ. फर्गस ऑल्डिन त्या जुळ्याविषयी बोलत. मी कंपनीचा इतिहास लिहिण्यासाठी नेमलेला. त्या वर्षी इतिहासही परिवर्तन विभागाच्या अखत्यारीत गेला आणि माझी खोली संगणकांना मिळाली. मला कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात एक टेबल देण्यात आले. पुढील सर्व मी तेथूनच पाहिले.

कंट्रोल रूमची मुख्य होती ग्लेनिस नॅनकिव्हल. जुळे सज्ञान झाले की भट्टी ॲडलेडहून चालवायची आणि ही खोली बंद करायची, असा कंपनीचा बेत होता. ग्लेनिसला ॲडलेडला येण्याची मुभा होती. मुभा हा शब्द कंपनीचा. तिची नव्वदीची आई धक्क्याजवळच्या वृद्धाश्रमात राहत असे आणि गाव सोडायला साफ नकार देत असे. "ॲडलेडला गेलेलं आपल्यातलं एक माणूस धड परत आलेलं नाही," असे तिचे मत होते. "जे आले ते बँकवाले होऊन आले." आईला सोडून जायचे किंवा नोकरी सोडायची, एवढाच पर्याय ग्लेनिसपुढे होता.

या प्रकरणाचे मूळ एका लोखंडी फळीत होते. भट्टीतला गरम वायू वाहून नेणाऱ्या जाड नळावर, जिन्याच्या तोंडाशी, ती फळी आहे. सबंध भट्टीवर स्वच्छ आणि सपाट अशी तेवढीच जागा; कारण कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकऱ्यांचे वंशज गेली कित्येक वर्षे आपल्या पेस्ट्या तेथे गरम करत आणि फळी पुसून ठेवत. पेस्टी म्हणजे करंजीची मांसाहारी, दांडगट थोरली बहीण. जिच्या-तिच्या कोपऱ्यावर धन्याची आद्याक्षरे कणकेत कोरलेली. शहरातून आलेल्या तंत्रज्ञांना फळी इतकी आवडली की भट्टीचा मुख्य सेन्सर त्यांनी नेमका तिच्यावरच बसवला. कामगारांशी बोलण्याची त्यांना मनाई होती, कारण डॉ. ऑल्डिन यांच्या मते माणसांच्या मतांनी माहिती दूषित होते.

तेव्हापासून रोज दहाच्या सुट्टीआधी फ्रीजमधल्या गारढोण पेस्ट्या सेन्सरला बिलगून बसत. भट्टी गारठली असे जुळ्याला वाटे आणि ते तेलाचा झोत वाढवी. ग्लेनिस तो हाताने कमी करी. पेस्ट्या दुसरीकडे का ठेवल्या नाहीत, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारील. आजोबांनी त्या तेथे ठेवल्या होत्या. पोर्ट कॅरिकमध्ये याहून अधिक कारण लागत नाही. आणि हे वर सांगायचे तर भट्टीवर अन्न नेणे हा नोकरीवरून काढून टाकण्याचा गुन्हा होता. पहिला जाणार तो भट्टीचा मुकादम मर्व, म्हणजे ग्लेनिसचा नवरा.

डॉ. ऑल्डिन यांनी या रोजच्या गारठ्याला 'दशवादन शीतस्पंद' असे नाव दिले आणि त्यावर सिंगापूरच्या परिषदेत व्याख्यान दिले. टाळ्या पडल्याचे आम्हाला परिपत्रकाने कळवण्यात आले. त्याच परिपत्रकात पुढे असेही होते की भट्टीच्या अस्थिरतेचे एकमेव कारण मानवी हस्तक्षेप हे आहे. सबब सोमवारपासून कंट्रोल रूमने कशालाही हात लावू नये. आठवडा सुरळीत गेला की खोलीला टाळे.

शुक्रवारी मर्व चहाला आला.

"पुढचा आठवडा पोरं गारच खातील," तो म्हणाला. "दम देऊन ठेवलाय सगळ्यांना. भट्टीला धक्का नको."

"वा रे शहाण्या! तुम्ही गार खाल्लंत की जुळ्याला थंडी वाजणार नाही. थंडी नाही तर तेल नाही. तेल नाही तर मी कशाला? तुझ्या गार पेस्टीपायी मी चालले ॲडलेडला."

"मग काय, पेस्ट्या गरम करून, झोत तसाच वाढू देऊन भट्टीचं छत पाडू डोक्यावर?"

"सांगूनच टाकते त्या डॉक्टरला."

"सांग ना. तू खोलीत, मी घरात. तुझ्या आईला पुडिंग भरवत बसेन. तिला मी आवडत नाही म्हणा."

"तिला कोणीच आवडत नाही. उगाच भाव खाऊ नकोस."

दोघेही हसले; पण चहा तसाच राहिला. तिने सांगितले तर मर्वची नोकरी जाणार होती आणि गप्प राहिली तर तिची.

सोमवारी डॉ. ऑल्डिन स्वतः हजर होते. चेअरमन ॲडलेडहून जुळ्याकडे पाहत होते. फळी मोकळी होती. ग्लेनिस मांडीवर हात ठेवून बसली.

दहा वाजत आले आणि तेलाचा झोत आपोआप वाढू लागला.

पेस्ट्या नव्हत्या, गारठा नव्हता, सेन्सर उलट चढते आकडे दाखवत होता. परंतु दहाला थंडी पडते, हे सहा महिन्यांच्या अनुभवाने जुळ्याच्या अंगी मुरले होते. समोरचा पुरावा परंपरेशी जुळेना, तेव्हा त्याने कोणत्याही पीठाधीशाने घेतला असता तोच निर्णय घेतला: सेन्सर सदोष आहे असे जाहीर केले आणि झोत आणखी वाढवला. ते आता पुरते पोर्ट कॅरिकचे झाले होते.

"हे... हे काय चाललंय?" डॉ. ऑल्डिन म्हणाले.

"मला काय विचारता? मला हात लावायचा नाहीये. हुकूम तुमचाच."

"पण जुळ्यात तर सगळं हिरवं दिसतंय!"

"मग जुळ्यात जाऊन राहा, बाळा."

फोन वाजला. मर्व होता. त्याचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला. "ग्लेन, छताच्या विटा तापून पांढऱ्या पडायला लागल्या! झोपलीस का?"

अजून थोडा वेळ ती तशीच बसती, तर भट्टीने तिच्या बाजूने साक्ष दिली असती आणि खोली कदाचित वाचली असती. पण त्या छताखाली मर्व होता, त्याची माणसे होती. ग्लेनिसने क्षणभरही वेळ न घालवता झोत बंद केला.

पडद्यावर लाल अक्षरे उमटली: मानवी हस्तक्षेप.

"तुम्ही चाचणी मोडलीत," डॉ. ऑल्डिन घाम पुसत म्हणाले. "चेअरमनना काय सांगू मी?"

तिने सांगितले. फळी, फ्रीज, आद्याक्षरे, मर्व, सगळे. "काढा आता आम्हा दोघांना एकदमच. टपालखर्च तरी वाचेल."

डॉ. ऑल्डिन तिच्या खुर्चीशी वाकले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे सिंगापूरला मी जे... तो शीतस्पंद..."

"बटाटा, कांदा, सलगम आणि बीफ."

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला. तुम्ही कुणाला विचारलंच नाहीत ना!"

मर्वला काढायचे तर कारण लिहावे लागणार होते आणि कारण लिहिले की सिंगापूरचे सभागृह पुन्हा एकदा, निराळ्या कारणाने, दणाणणार होते. संध्याकाळपर्यंत अहवाल तयार झाला. 'स्थानिक मानवी प्रज्ञेच्या अपरिहार्यतेमुळे' कंट्रोल रूम पोर्ट कॅरिकमध्येच राहील, तिची मुख्यही तीच राहील, आणि भट्टीच्या परिसरातील दहाच्या सुमाराची 'प्रचलित कार्यपद्धती' तूर्त बदलू नये. या शोधावर कंपनीच्या इतिहासात एक प्रकरण घालण्याचा आदेश मला मिळाला. ग्लेनिसच्या हातांनी सहा महिने रोज भट्टी सांभाळली, ते कोणाला पुरावा वाटले नाही. एका विद्वानाची अब्रू मात्र पुरावा ठरली. संस्था शहाणपणाने वाचतात असे मी एकेकाळी विद्यार्थ्यांना शिकवत असे. त्या विद्यार्थ्यांची मी क्षमा मागतो.

ग्लेनिसला या मीमांसेत रस नव्हता. तिने वृद्धाश्रमाला फोन लावला.

"आई, मी नाही जात ॲडलेडला! इथंच आहे! ऐकतेस ना?"

पलीकडून उत्तर आले, तेही मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आले.

"इथंच आहेस तर फोनवर कशाला ओरडतेस? ये की इकडे. आणि येताना त्या मर्वला आणू नकोस."